श्वासावर बोट

माझ्या दादाला आमच्या धंद्यातले लोक नावाने हाक मारत नसत. 'बोट' म्हणत. "बोट आहे का गुरुवारी?" असं मला फोनवर विचारायचे, आणि मी आहे म्हटलं की मगच रेकॉर्डिंगची तारीख ठरवायचे. दिसायला ते बोट अगदीच सामान्य. उजव्या हाताचं, पहिलं, नखाशी जरा वाकडं, टेप हाताळून हाताळून कडेला तपकिरी झालेलं. पण गाण्यातली एक चुकलेली ओळ काढून तिथे बरोबर ओळ बसवायची असेल, तर गावात तसं बोट दुसरं नव्हतं. बहीण म्हणून कौतुक करत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर दादा हट्टी आहे, तुसडा आहे, आणि चहाचा कप आयुष्यात कधी त्याने जागेवर ठेवलेला नाही.

आमचा स्टुडिओ एका छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. मोठीत गाणारे-वाजवणारे, छोटीत आम्ही भाऊबहीण, मधे दुहेरी काच. छापखाना चालू असला की जमिनीतून घरघर येते, म्हणून खालच्यांच्या सुट्ट्या आणि जेवणाच्या वेळा मला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ. माइक लावणं, टेप चढवणं, डब्यांवर चिठ्ठ्या लिहिणं, नको ते तुकडे ब्लेडने कापून टेप जोडणं, हे सगळं माझं. मशीनची बटणं मात्र दादाची. बावीस वर्षांत रेकॉर्डिंग चालू असताना मी एकाही बटणाला हात लावला नव्हता. एकदा धूळ पुसायला गेले, तर आठवडाभर बोलला नाही.

ओळ बदलण्याची रीत अशी. टेप थोडी मागे न्यायची आणि चालू करायची. गाणारा कानाला हेडफोन लावून आपलंच जुनं गाणं ऐकत त्याच्याबरोबर गात येतो. चुकलेल्या ओळीच्या तोंडाशी दादा दोन बटणं एकदम दाबतो. त्या क्षणापासून टेपवरचं जुनं पुसलं जातं आणि नवं उतरतं. ओळ संपली की पुन्हा एक बटण, म्हणजे पुढचं जुनं आहे तसं राहतं. याला आम्ही पंच म्हणतो. इथे चुकलं तर चुकलं. बाहेर पडायला पापणी लवण्याएवढा उशीर झाला, तरी पुढच्या ओळीचा पहिला शब्द कायमचा गेला. देवाला नवस बोललात तरी तो टेपवर परत येत नाही.

बाकीचे लोक शब्दावर पंच करायचे. दादा श्वासावर करायचा. गाणारा ओळीआधी श्वास घेतो, तो बारीक 'स्स' माइकमध्ये येतोच. दादा त्या श्वासाच्या मधोमध आत शिरायचा आणि पुढच्या श्वासाच्या मधोमध बाहेर पडायचा. श्वासाला श्वास जोडला की जोड कुणाच्या बापाला कळत नाही. माणसं त्याच्याकडे यायची ती याच्यासाठी.

आणि दादाला श्वास ऐकू येईनासा झाला होता.

तो तेव्हा एकसष्टचा. बोलणं ऐकू यायचं, पियानो, बास, ढोल सगळं यायचं. गेलं होतं ते अगदी वरचं, बारीक. पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आलं. गॅसवर किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. वहिनी मला म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना घरात माझं सोडून बाकी सगळं ऐकू येतं. आता बाकीचंही बंद झालंय." आम्ही दोघी हसलो. मग मी स्टुडिओत आले आणि माझं हसू गेलं. वर्षानुवर्षं टेपच्या सूंऽऽ आवाजावर कटकट करणारा माणूस गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही कुरकुरला नव्हता. मला वाटत होतं, टेप चांगल्या यायला लागल्यात!

त्यानंतर मी पाहत गेले. मिश्रण करताना, म्हणजे टेपवरचे सगळे आवाज एकत्र जुळवताना, तो ट्रेबलची, बारीक आवाजाची बटणं नको तितकी वर फिरवायचा. ड्रमच्या थाळ्या कानात सुया टोचल्यासारख्या वाजायच्या आणि त्याला त्या छान, शांत वाटायच्या. तो चहाला खाली गेला की मी बटणं दोन खुणा मागे आणायची. हे मी चौदा महिने केलं. त्याला सांगितलं नाही. सांगणार कसं? आचाऱ्याला, तुझी जीभ गेली, असं तोंडावर सांगण्यासारखं होतं ते, आणि हा आचारी माझा मोठा भाऊ होता. त्यानेही मला काही सांगितलं नाही. दोघेही एकाच खोलीत, दीड हातावर बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

पंच तो कसे करतो ते कळायला मला आणखी वेळ लागला. तो खांदे बघायचा. श्वास घेताना माणसाचे खांदे किंचित वर जातात, गळ्याखालचा खड्डा भरतो. दादा काचेतून तिथे डोळे लावायचा आणि बोट दाबायचा. दीड वर्षात एकदाही चुकला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि भीतीही.

अशात बाई आल्या.

बाई जॅझ गिटार वाजवायच्या आणि गायच्या. वय साठीला एक कमी. उभा जन्म हॉटेलांच्या आणि नाचघरांच्या बँडमधे दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवण्यात गेला. स्वतःच्या नावाचा हा पहिलाच अल्बम, नऊ गाण्यांचा, सगळी त्यांचीच. गिटारची जी तान वाजवायच्या तीच त्याच वेगाने तोंडाने गायच्या, म्हणजे गळा कुठला आणि तार कुठली ते समजू नये. बोलायला सडेतोड. आल्या आल्या मला म्हणाल्या, "तुमच्या जिन्याला कठडा नाही. कुणी मरेल एक दिवस." खरंच नव्हता.

त्यांना घाई होती. डाव्या हाताचा अंगठा सांध्यात सुजत चालला होता. डॉक्टरांनी सहा महिन्यांसाठी पट्टी बांधायला सांगितली होती, पुढचं पुढे बघू म्हणून. पुढचं काय ते बाईंना ठाऊक होतं. "हा अल्बम झाला की बांधा काय बांधायचं ते," असं म्हणून त्यांनी तीन दिवस मागून घेतले होते. मी रोज घंगाळात कोमट पाणी भरून ठेवायची. दोन गाण्यांच्या मधे बाई त्यात हात बुडवून बसायच्या. शेजारी त्यांचा बासवाला, पंचवीस वर्षांचा जोडीदार, लांबलचक आणि अबोल माणूस, घड्याळाकडे बघत उभा.

पहिल्या दोन दिवसांत आठ गाणी झाली. त्यात दादाने दोन लहानसे पंच केले, दोन्ही बेमालूम. तिसऱ्या दिवसासाठी सगळ्यात अवघड गाणं राखून ठेवलं होतं. मधली तान इतकी धावती की हात ताजा असतानाच वाजणार. त्या गाण्यात एक बाई कुणाची तरी वाट बघत खिडकीशी बसलेली असते. पहिल्या कडव्यात म्हणते, 'खिडकी मी उघडी ठेवली.' शेवटच्या कडव्यात तिसऱ्या ओळीला सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता आवाज येतो, 'खिडकी मी लावून घेतली.' मग एक श्वास, आणि गिटारसकट चौथी ओळ: 'आणि पहिल्यांदा घर माझं वाटलं.' तिथे गाणं संपतं.

दुपारी बाराला, छापखाना जेवायला थांबला तेव्हा, बाईंनी ते एका दमात घेतलं. तान झाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. चौथी ओळ तर त्यांनी गायलीच नाही, जवळजवळ बोलल्याच, आणि 'माझं' या शब्दावर आवाज जरा फाटला. मग बाईंनी गिटार मांडीवरून खाली ठेवली, अंगठा मुठीत धरला आणि म्हणाल्या, "आता हा गेला. परत वाजणार नाही."

टेप ऐकायला घेतली आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांचे चेहरे उतरले. तिसऱ्या ओळीला बाई पहिल्या कडव्यातली ओळ गाऊन गेल्या होत्या. 'खिडकी मी उघडी ठेवली, आणि पहिल्यांदा घर माझं वाटलं.' गाण्याचा सगळा अर्थच उलटला.

"एक ओळ बदलायची," दादा म्हणाला. "नुसता आवाज आहे. हाताचं काम नाही."

बरोबर होतं. पण त्या ओळीला चिकटून चौथी ओळ होती, आणि ती बाईंनी गिटार वाजवत गायली होती. गिटारचा आवाज गळ्याच्या माइकमधेही उतरला होता. ती पुसली गेली तर परत नुसतं गाऊन भागणार नव्हतं आणि वाजवायला अंगठा उरला नव्हता. टेपवरच्या आठही पट्ट्या, एकेका माइकचा आवाज वेगळा उतरतो त्या, भरलेल्या, नवी ओळ वेगळी घ्यायला जागा नाही. दुसरं मशीन नाही. चौथी ओळ गेली की गाणं गेलं, आणि ते गाणं गेलं तर अल्बममधे राम उरत नव्हता.

जेवणं झाली. पाणी, घंगाळ, थोडी विश्रांती. छापखाना बंद व्हायची वाट बघत साडेचार वाजले. बाई माइकपाशी उभ्या राहिल्या, अंगात जाड स्वेटर, कानाला हेडफोन. आणि मग त्यांनी माइकचा स्टँड उचलला, फिरवला आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.

"मला काच नको समोर," त्या म्हणाल्या. "अशीच गाते."

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाठमोरी बाई, त्यावर जाड स्वेटर. खांदे गेले, गळा गेला, सगळं गेलं. त्याने मोठ्या खोलीत बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाला, "बाई, इकडे तोंड केलंत तर आवाज जास्त चांगला येईल."

"तीन दिवस इकडे तोंड करून गायले. आता नाही."

"का पण?"

"का म्हणजे? माझी मर्जी."

दादाने बटण सोडलं. "एकदा कोरडं करून बघू," म्हणाला. कोरडं म्हणजे बटण न दाबता नुसतं बोट टेबलावर आपटायचं, सराव. टेप चालली, बाई गायल्या. मला श्वास स्वच्छ ऐकू आला आणि दादाचं बोट टेबलावर पडलं ते 'खिडकी'चा 'खि' होऊन गेल्यावर. बाहेर पडताना तर त्याहून उशीर. चौथ्या ओळीतला 'आणि' त्याने साफ खाल्ला असता.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी ब्र काढला नाही. दादाने माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो अंदाज बांधत होता, मोजून करू म्हणत असणार मनात. पण बाई घड्याळाच्या ठोक्यावर गाणाऱ्या नव्हत्या. दर वेळी थोडं पुढे, थोडं मागे. म्हणून तर ते जॅझ.

"घेतो," दादा म्हणाला.

टेप सुरू झाली. कडव्याची पहिली ओळ. दुसरी. वाद्यं थांबली. श्वास आला आणि गेला, आणि मग दादाचं बोट पडलं. लाल दिवा लागला. उशिरा. ते चाललं असतं, कारण ती ओळ तशीही बदलायचीच होती. बाई गात होत्या, 'खिडकी मी लावून...' दादाचं बोट बटणावर अधांतरी, डोळे त्या स्वेटरच्या पाठीवर, कपाळावर घाम. '...घेतली.' मला श्वास ऐकू आला. बोट हललं नाही. श्वास निम्मा झाला तरी बोट हललं नाही.

मी त्याच्या हातावरून हात घातला आणि मशीन बंद केलं.

टेप खट्कन थांबली. मोठ्या खोलीत बाई वळल्या. "काय झालं?"

मी बोलायचं बटण दाबलं. "माझी चूक. माझा हात लागला चुकून."

"चौथी ओळ आहे का?" बाईंनी विचारलं.

आम्हाला माहीत नव्हतं. दादाने टेप हाताने चाकं फिरवून मागे नेली आणि चालू केली. मोठ्या खोलीत सगळे हेडफोन धरून उभे. नवी ओळ वाजली, मग शांतता, मग तुटलेला, अर्धाच श्वास, आणि 'आणि पहिल्यांदा घर माझं वाटलं'. पूर्ण होती. दुपारच्या श्वासाचा सुरुवातीचा निम्मा भाग मात्र पुसला गेला होता. माझाही हात उशिराच पडला होता. आता बाहेर पडायला उरलेली जागा निम्मी.

माझा जीव भांड्यात पडायच्या आत दादाने बोलायचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की आवाज सगळ्यांच्या हेडफोनमधे जातो. बाई, बासवाला, पियानोवाला, ड्रमर, सगळ्यांच्या.

"चूक तिची नाही," दादा म्हणाला. "मला तुमचा श्वास ऐकू येत नाही."

मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. चाळीस वर्षं मिळवलेलं नाव तो चार माणसांच्या कानात ओतून मोकळा झाला होता, आणि त्यातला ड्रमर हा असा, की त्याला सांगितलं काय आणि पेपरात छापलं काय, सारखंच.

बाई हेडफोन काढून आमच्या खोलीत आल्या. मागोमाग बासवाला दारात.

"परत म्हणा."

दादाने परत सांगितलं. उभा राहून.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होईल."

"मग काल-परवा माझे पंच कसे केलेत?"

"खांद्यांकडे बघून. श्वास घेताना वर जातात. पंच लागला तर म्हणून गाणं चालू असतानाही बघून ठेवतो."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तीन दिवस तुम्ही माझ्या खांद्यांकडे बघत होतात?"

"आणि गळ्याकडे."

"अहो, मला वाटलं म्हातारा चळला!" बाई ओरडल्या. "माइकसमोर आले की हा टक लावून! आज त्या कडव्याला वर बघितलं तर परत हेच, डोळे वटारून. ओळ चुकली ती त्यामुळे! म्हणून तर भिंतीकडे तोंड केलं!"

दारात बासवाला हसला. पंचवीस वर्षांत त्याला हसताना बघितलं नव्हतं म्हणे कुणी. बाईंनी नुसतं वळून बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"हसण्यासारखं नाही हे," त्या दादाला म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता आणि मला ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. "माझ्याकडे दुसरा हात नाही. तुम्हाला माहीत होतं ना ते? आणि तरी बोट ठेवलंत."

"हो."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरीकडे गेला असतात," दादा म्हणाला. "आणि तुमच्यामागून सगळेच."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिला माहीत होतं?"

"नाही," दादा म्हणाला. "तिला काही माहीत नाही. तिने वाचवलं."

भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला की त्याला खरंच तसं वाटत होतं, ते मला कळलं नाही. मी तोंड उघडलं नाही एवढं खरं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला श्वास ऐकू येतो. तुम्ही कराल?"

"ऐकू येतं," मी म्हणाले. "पण माझं बोट ऐकत नाही. आत्ताच बघितलंत. निम्मा श्वास मी खाल्ला."

बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अंगठा चोळत होत्या. खाली कुणीतरी छापखान्याचं शटर ओढलं.

"दीड वर्षात बघून करताना कधी चुकलात?"

"नाही. दिसलं तर नाही चुकत."

"मग बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि आमच्या सोफ्यावर टाकला. "पण मी तुमच्यासाठी मोठा श्वास घेणार नाही. नाटकी श्वास घेतला की ओळ नाटकी होते. मी घेते तेवढाच घेणार."

"तेवढाच घ्या," दादा म्हणाला.

त्या परत गेल्या, माइक फिरवला आणि काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बासवाला मोठ्या खोलीत न जाता आमच्याच दारात उभा राहिला. दादाने तळहात पँटला पुसले. दोन दिवे मालवले, काचेवर उजेड पडत होता म्हणून. मग मला म्हणाला, "छोटे, तू डोळे मिट. माझ्या हाताकडे बघू नकोस. नुसती ऐक."

मी डोळे मिटले. टेप सुरू झाली. पहिली ओळ. दुसरी ओळ मी ऐकलीच नाही बहुतेक. वाद्यं थांबली. बाईंनी श्वास घेतला, इवलासा, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध मला बटणाचा खटका ऐकू आला. 'खिडकी मी लावून घेतली.' सावकाश गायल्या, दुपारपेक्षा सावकाश. ओळ संपली. काहीच आलं नाही. बाई श्वास घेत नव्हत्या. टेप पुढे पळत होती आणि त्या श्वास घेत नव्हत्या. डोळे उघडायची मला भयंकर इच्छा झाली. मग श्वास सुरू झाला आणि सुरू होताच खटका झाला. 'आणि पहिल्यांदा घर माझं वाटलं.' फाटलेल्या 'माझं'सकट.

मी डोळे उघडले. लाल दिवा विझलेला होता. दादा मशीनकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता.

"झालं," मी म्हणाले. "अर्धा श्वास दुपारचा आहे, अर्धा आत्ताचा. कळत नाही."

बासवाल्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि आपला बास खोळीत भरायला गेला. बाई काचेपलीकडे रडत होत्या. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी आम्हाला हातानेच, पलीकडे बघा, अशी खूण केली.

ड्रमरने अपेक्षेप्रमाणे काम चोख केलं. आठवडा संपायच्या आत तिघांनी आपल्या तारखा काढून घेतल्या. फोनवर कुणी उद्धट बोललं नाही. उलट सगळे इतकं गोड बोलत होते, की मला फोन आपटावासा वाटायचा. "बोटाला विश्रांती द्या जरा," एक जण म्हणाला. बाईंचा फोन आला तो एवढंच विचारायला, की मिश्रणाला कधी बसताय.

सोमवारी सकाळी बसलो. दादा आपल्या खुर्चीत, मी शेजारी. पहिलं गाणं लावलं. थोड्या वेळाने त्याचा हात नेहमीप्रमाणे ट्रेबलच्या बटणावर गेला आणि बटण वर वर फिरत गेलं. थाळ्या टोचायला लागल्या. एरवी मी तो चहाला जायची वाट बघितली असती. त्या दिवशी मला ते जमेना. मी हात पुढे केला आणि त्याच्या देखत बटण दोन खुणा मागे आणलं.

दादाने टेप थांबवली. माझ्या हाताकडे बघितलं. मी नेमकं दोनच खुणा मागे आणलं होतं, न बघता, सवयीच्या हाताने.

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"सगळे?"

"सगळे," मी म्हणाले. "तू चहाला गेलास की."

तो मनातल्या मनात चौदा महिन्यांतली एक एक रेकॉर्ड काढून बघत असावा. त्यातल्या दोनांची फार वाहवा झाली होती, आवाज काय स्वच्छ आहे म्हणून. ती कात्रणं त्याने पाकिटात ठेवली होती. मला वाटलं, आता भांडी आदळतील. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी एका परक्या बाईला सांगितलं," तो म्हणाला. "चार लोकांसमोर. तू माझी बहीण. तुला मला सांगता आलं नाही?"

"तुला तरी मला कुठे आलं?" मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं. फार राग आला होता मला. त्याचा, माझा, किटलीचा, सगळ्याचाच.

दादा उठला. मला वाटलं, जिना उतरून जाईल आणि परत येणार नाही. तो सोफ्यापाशी गेला, गिऱ्हाइकं बसतात तिथे, आणि बसला. त्या सोफ्यावर त्याला बसलेला मी कधी बघितला नव्हता. गुडघे फार वर येत होते त्याचे.

"बस त्या खुर्चीत," तो म्हणाला.

"दादा, मला नाही..."

"बस म्हणतो ना. थाळ्या तुला ऐकू येतात. मला येत नाहीत. आवाज कुठे उचलायचा आणि कुठे दाबायचा ते मी सांगतो, बारीक ते तू बघ."

मी डोळे पुसले आणि खुर्चीत बसले. खुर्ची त्याच्या मापाने खोल गेलेली होती. मी टेप मागे नेली. चालू करायच्या आधी तो पुन्हा बोलला. आवाज नेहमीचाच, तुसडा.

"आणि हे बघ. बाई श्वास घेतील तेव्हा मला सांग."

"कशाला?"

"मला ऐकायचाय," दादा म्हणाला.

मी टेप चालू केली. बाईंनी पहिला श्वास घेतला. "आता," मी म्हणाले. दादाने डोळे मिटले होते. दुसरा श्वास आला तेव्हाही मी आता म्हणाले, तिसरा आला तेव्हाही. नऊ गाणी संपायला दुपार झाली.